समोरचा कोण? ऑनलाइन खेळांतील जुगार आणि बुडालेल्या पेढ्या

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरी घडलेला एक साधा प्रसंग या लेखाचे निमित्त ठरला. माझा पुतण्या नववीत शिकतो. वहीपूजनाच्या आदल्या संध्याकाळी तो दुकानातील गादीच्या कोपऱ्यात मोबाईल हातात धरून गप्प बसला होता. खोदून विचारल्यावर कळले की, दोन वर्षे खेळून साठवलेली सारी संपत्ती त्याने अर्ध्या मिनिटात गमावली होती. राजे, योद्धे आणि जादूगार यांच्या एका ऑनलाइन खेळात तो रमतो. तेथील बाजारचौकात एक खेळाडू सर्वांना ऐकवत होता, “द्याल त्याच्या दुप्पट परत!” पुतण्याने आधी एक लाख नाणी दिली, दोन लाख परत आली. मग पाच लाख दिली. दहा लाख आली. तिसऱ्या वेळी त्याने होते नव्हते ते सारे, म्हणजे ऐंशी लाख नाणी, समोरच्याच्या हवाली केली. समोरचा क्षणात दिसेनासा झाला.

“खेळातलेच पैसे ना? मग तोंड कशाला पाडतोस?” असे म्हणून त्याच्या वडिलांनी विषय संपवला. आमचे अण्णा मात्र उभे आयुष्य गल्ल्यावर बसलेले. त्यांनी चष्मा काढून खाली ठेवला आणि विचारले, “ज्याला दिलंस तो कोण? कुणाचा? कुठल्या गावचा?”

“माहीत नाही, आजोबा. तिथं प्रत्येकानं आपलं नाव स्वतःच ठेवलेलं असतं.”

“मग तू व्यवहार केलास कुणाशी?”

या प्रश्नाला मुलापाशी उत्तर नव्हते. खरे सांगायचे तर आम्हा मोठ्यांपाशीही नव्हते. मुले ज्या बाजारात तासन् तास वावरतात, त्या बाजाराची रीत आपल्याला ठाऊकच नाही, याची जाणीव त्या संध्याकाळी झाली. पुढील काही आठवडे मी या विषयाची माहिती घेतली. जे हाती आले ते व्यापारी कुटुंबांना विचार करायला लावणारे आहे, म्हणून ते येथे मांडत आहे.

खेळातील नाण्याला किंमत कशी येते?

‘खेळातलेच पैसे’ हा आपला पहिला गैरसमज. इंग्लंडमधील केंब्रिज येथील जॅगेक्स कंपनीचा ‘रुनस्केप’ हा खेळ २००१ मध्ये सुरू झाला. त्यात खेळाडू खाणीतून धातू काढतात, मासे पकडतात, शस्त्रे घडवतात आणि ही सारी जिन्नस एकमेकांना विकतात. २००७ मध्ये या खेळात ‘ग्रँड एक्स्चेंज’ नावाची मध्यवर्ती बाजारपेठ उघडली. तेथे खरेदीची आणि विक्रीची मागणी नोंदवायची, भाव जुळला की सौदा पुरा होतो. आइसलँडच्या सीसीपी कंपनीच्या ‘ईव्ह ऑनलाइन’ या २००३ पासून चालणाऱ्या खेळात तर ग्रहताऱ्यांच्या पसाऱ्यात ‘जिता’ नावाची एक मोठी पेठ खेळाडूंनीच घडवली आहे. कोणता माल कोठे स्वस्त आहे, वाहतुकीत किती जोखीम आहे, साठा केव्हा करावा, हे सर्व तेथे मुले स्वतःच्या बुद्धीने शिकतात.

एखादी वस्तू मिळवण्यास शेकडो तास लागत असतील, तर ते तास वाचवण्यासाठी कोणीतरी खरे पैसे मोजण्यास तयार होतो. बहुतेक कंपन्यांच्या नियमांत अशा विक्रीस मनाई असते. तरीही खेळाबाहेर नाण्यांचे, वस्तूंचे आणि संपूर्ण खात्यांचे व्यवहार चालतात. म्हणून मुलाने गमावलेल्या नाण्यांमागे त्याचे श्रम असतात, आणि ती उचलून नेणाऱ्याच्या दृष्टीने त्यांत रोकड असते. जेथे रोकड आली, तेथे ठकही आला आणि जुगाराचा अड्डाही आला.

सौदा सुरक्षित, वायदा असुरक्षित

चौकातील फसवणुकीचे प्रकार पाहिले तर त्यांची साधी हातचलाखी आपल्या ओळखीची वाटेल. सौद्याच्या खिडकीत प्रथम मौल्यवान वस्तू ठेवायची आणि शेवटच्या क्षणी ती काढून तिच्यासारखी दिसणारी हलकी वस्तू ठेवायची, हा त्यांतील सर्वांत जुना प्रकार. ‘ईव्ह’मध्ये नामांकित जहाजाच्या भावात त्याच्याच रूपाचे साधे जहाज गळ्यात मारणारे करारनामे आजही जितामध्ये झळकतात. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘प्रतिरूपक व्यवहार’ सांगितला आहे, तो हाच: अस्सल दाखवून नक्कल देणे.

रुनस्केपमध्ये ‘तुमच्या चिलखताला फुकटात सोनेरी काठ लावून देतो’ असे सांगणारे वर्षानुवर्षे भेटत आले. वास्तविक तसा काठ लावण्याची कला त्या खेळात कोणत्याच खेळाडूला उपलब्ध नव्हती. काठाचे चिलखत केवळ विशिष्ट शोधमोहिमांचे बक्षीस म्हणून मिळे. चिलखत हाती आले की कारागीर पसार. ‘आपला पासवर्ड उलटा लिहून पाहा, खेळ तो आपोआप झाकतो’ हा दुसरा सापळा. लहान मुलांत लोकप्रिय असलेल्या ‘रोब्लॉक्स’वरील ‘ॲडॉप्ट मी’ या खेळात पाळीव प्राण्यांची देवाणघेवाण होते. तेथे ‘आधी तू दे, विश्वास ठेव, मग मी देतो’ असे म्हणून मुलांना लुबाडले जाऊ लागले. अखेर अतिदुर्मीळ प्राण्यांच्या व्यवहारासाठी फसवणूक ओळखण्याची छोटी परीक्षा देऊन परवाना घेण्याची अट तेथे आली. आपल्याकडील मुले खेळातील तयार ‘आयडी’ विकत घेतात, त्यातही असाच धोका आहे. मूळ मालकाचा ईमेल त्या खात्याला जोडलेला राहिला, तर पैसे घेतल्यावर तो खाते पुन्हा आपल्या ताब्यात घेऊ शकतो.

या सर्व प्रकारांत एक सूत्र आहे. कंपनीने बांधलेल्या खिडकीत दोन्ही बाजूंचा माल समोरासमोर असतो आणि दोघांनी मान्यता दिल्यावर एकाच वेळी हात बदलतो. नीट पाहून मान्यता दिली तर असा रोखीचा सौदा सहसा फसत नाही. ‘आता दे, नंतर देईन’ हा मात्र वायदा असतो, आणि वायद्याची हमी खेळाची यंत्रणा घेत नाही. ती घेणार समोरची व्यक्ती. तिचे नाव, गाव, घराणे काहीही ठाऊक नसते. अण्णांचा प्रश्न नेमका येथे लागू पडतो.

फासे मांडून बसलेले यजमान

वायद्याच्या याच दुबळ्या जागेवर खेळाडूंनी चालवलेले जुगार उभे राहिले. रुनस्केपमध्ये एके काळी फासे टाकण्याची सोय होती. एक खेळाडू ‘यजमान’ होऊन चौकात बसे. एक ते शंभरपैकी आकडा यायचा. पंचावन्नच्या वर आला तर दुप्पट पैसे, नाहीतर लावलेले पैसे यजमानाचे. ऐकणाऱ्याला हा जवळजवळ सारखा डाव वाटतो. हिशेब मांडून पाहू. पंचावन्नच्या वरचे आकडे पंचेचाळीस. हजार नाण्यांचे शंभर डाव खेळले, म्हणजे एक लाख नाणी लावली, तर सरासरीने पंचेचाळीस वेळा दोन-दोन हजार मिळतील, म्हणजे नव्वद हजार. दहा हजार यजमानाच्या पदरात. माल नाही, उधारी नाही, बुडीत नाही, आणि उलाढालीवर दहा टक्के सुटतात! हा झाला प्रामाणिक यजमानाचा हिशेब. अप्रामाणिकाला एवढे थांबण्याचीही गरज नसे. मोठी रक्कम हाती आली की तो खेळ बंद करून निघून जाई.

२०११ मध्ये जॅगेक्सने या फाशांवर बंदी आणली. तरी जुगार थांबला नाही. जादूचे बी पेरले की कोणत्या रंगाचे फूल उगवेल हे कोणालाच सांगता येत नाही, हे हेरून लोक फुलांच्या रंगांवर पैसे लावू लागले. लाल, पिवळे, नारिंगी ही ‘उष्ण’ फुले. निळे, जांभळे ही ‘शीत’. दोन खेळाडूंनी पैज लावून लढण्यासाठी जो आखाडा होता, तेथेही कौशल्य मागे पडून पैज पुढे आली. शेवटी २०२२ च्या जुलैमध्ये या खेळाच्या ‘ओल्ड स्कूल’ आवृत्तीतून तो आखाडा कायमचा काढून टाकावा लागला.

अमेरिकेतील एक प्रकरण तर विशेष बोलके आहे. ‘काउंटर-स्ट्राइक’ या नेमबाजीच्या खेळात बंदुकांवरील रंगीत वेष्टने, ज्यांना मुले ‘स्किन’ म्हणतात, विकत घेता येतात आणि एकमेकांना देता येतात. या स्किन पणाला लावण्यासाठी बाहेरील लोकांनी कितीतरी संकेतस्थळे उघडली. दोन प्रसिद्ध यूट्यूब खेळाडू अशाच एका स्थळावर आपण कसे भरभरून जिंकतो, याची चित्रफीत चाहत्यांना दाखवत होते. ते स्थळ त्यांच्याच मालकीचे आहे, हे २०१६ मध्ये उघड झाले. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्यांच्यावर कारवाई केली आणि २०१७ मध्ये ते प्रकरण तडजोडीने मिटले. त्याआधीच, २०१६ च्या जुलैमध्ये, खेळाची मालक असलेल्या व्हॉल्व्ह कंपनीने अशा अनेक स्थळांना नोटिसा धाडल्या होत्या. ज्याचा अड्डा तोच जिंकणारा म्हणून मिरवत होता, आणि पाहणारी मुले त्यालाच नशीब समजत होती.

बुडालेल्या पेढ्या

आपल्या वाचकांना सर्वांत जवळची वाटेल ती गोष्ट याहून पुढची आहे. खेळाडूंनी खेळात पेढ्याही काढल्या. ‘ईव्ह’च्या नियमांनुसार खेळातील फसवणूक हा खेळाचाच भाग मानला जातो, कंपनी त्यात हस्तक्षेप करत नाही. अशा मुलखात २००६ मध्ये एका खेळाडूने चालवलेली ‘ईव्ह इंटरगॅलॅक्टिक बँक’ ठेवीदारांची सातशे अब्जांहून अधिक खेळातील नाणी घेऊन बुडाली. चालकाने आपण फसवणूक केल्याचे स्वतःच जाहीर करून वर फुशारकी मारली. नियम मोडला नसल्याने त्याला शिक्षा झाली नाही.

त्यानंतर ‘ईबँक’ उभी राहिली. तिला संचालक मंडळ होते, ठेवींवर व्याज होते, कर्जवाटप होते आणि हजारो खातेदार होते. २००९ मध्ये तिच्याच प्रमुखाने सुमारे दोनशे अब्ज नाणी काढून ती काळ्या बाजारात खऱ्या पैशांना विकली. सहा हजारांहून थोडे अधिक ऑस्ट्रेलियन डॉलर त्याच्या हाती आले. घराची अनामत आणि मुलाचे औषधपाणी यांसाठी पैसे हवे होते, असे त्याने सांगितले. बातमी फुटताच ठेवी काढण्यासाठी झुंबड उडाली आणि पुढे खाती गोठवावी लागली. कंपनीने त्या खेळाडूला खेळातून काढून टाकले, परंतु ठेवीदारांना लुबाडल्याबद्दल नव्हे. खेळातील नाणी खऱ्या पैशांना विकणे नियमबाह्य होते, त्याबद्दल!

‘सेकंड लाइफ’ या अमेरिकी आभासी जगात तर जुगार आणि पेढी यांची गाठ उघडच पडली. तेथील चलन डॉलरमध्ये बदलता येई. ‘गिंको फायनॅन्शियल’ नावाची पेढी ठेवींवर वर्षाला चाळीस टक्क्यांहून अधिक व्याज देऊ करत होती. २००७ च्या जुलैमध्ये लिंडन लॅब या मालक कंपनीने तेथील जुगाराचे अड्डे बंद केले. अड्डेवाल्यांना रोकड हवी झाली, त्यांच्यामागोमाग इतरांचीही गर्दी लोटली आणि ऑगस्टमध्ये पेढी कोसळली. सुमारे साडेसात लाख अमेरिकी डॉलर किमतीच्या ठेवी अडकल्या. जानेवारी २००८ पासून सरकारी परवान्याविना व्याज देणाऱ्या सर्व पेढ्यांना तेथे बंदी झाली. चाळीस टक्के व्याज देणारा धंदा कोणता, हा प्रश्न आपल्याकडे जुन्या मुनीमाने पहिल्या दिवशी विचारला असता.

आणि जुगारातून जमलेला पैसा कोठे जातो, हे २०१६ मध्ये ‘ईव्ह’मध्ये दिसले. खेळाडूंच्या एका जुगारगृहाच्या चालकांचा एका बलाढ्य संघाशी तंटा झाला. त्यांनी आपल्या अफाट नाण्यांवर भाडोत्री संघ उभे केले आणि त्या संघाला त्याच्या मुलखातून हुसकावून लावणाऱ्या युद्धाला रसद पुरवली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सीसीपीने खेळाडूंच्या जुगारावर पूर्ण बंदी घातली.

येथे कंपन्यांची बाजूही तपासून पाहिली पाहिजे. रुनस्केपने फासे बंद केले, आणि काही महिन्यांतच, २०१२ मध्ये, स्वतःचे नशीबचक्र आणले. लवकरच त्याच्या जादा फेऱ्या खऱ्या पैशांनी विकत मिळू लागल्या. ‘ईव्ह’ने २०१९ मध्ये सोडतीने माल विकण्याची व्यवस्था स्वतःच उघडली. चौकातील फासेवाला हटवून तेथे मालकाने आपला मांडव घालावा, तसा हा प्रकार. म्हणून ‘कंपनीने परवानगी दिली आहे’ एवढ्यावर आईवडिलांनी निर्धास्त राहू नये.

कायदा आणि घर

आपल्या देशात ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला आणि २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची मोहोर उमटली. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना त्यात मनाई आहे. पैसे देऊन घेतलेली नाणी, टोकन यांसारख्या गोष्टीही त्यात ‘पण’ म्हणून धरल्या आहेत. असे खेळ चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो; केवळ खेळणाऱ्यास शिक्षा नाही. हा कायदा स्वागतार्ह आहे. तथापि परदेशातील यंत्रावर चालणाऱ्या खेळात, टोपणनावाने बसलेल्या एखाद्या यजमानापर्यंत पोलिसांचा हात पोहोचणे सोपे नाही. पहारा घरातच लागेल.

सप्तव्यसनांच्या गणनेत द्यूताचा उल्लेख सर्वप्रथम येतो, हे आपण पाठशाळेत मुलांना शिकवतो. परंतु मुलाच्या डोळ्यांसमोर द्यूत म्हणजे पट आणि कवड्या असतात. मोबाईलवर ‘दुप्पट करून देतो’ म्हणणारा खेळगडी, रंगीत फूल आणि फिरणारे चक्र त्याला द्यूत वाटतच नाही. त्याला तो व्यापार वाटतो. व्यापारी घरातील मुलाला विशेष भुरळ पडते ती यामुळेच. स्वस्तात घेऊन महाग विकण्याची, भाव हेरण्याची त्याची हौस उपजत आहे. तिला दोष देऊ नये. पत कशावर उभी राहते, एवढेच त्याला शिकवायचे राहून गेले आहे.

ते शिकवण्यासाठी संगणकाचे ज्ञान लागत नाही. आठवड्यातून एकदा मुलाशेजारी बसून ‘तुझा हा बाजार मला समजावून सांग’ एवढे म्हणावे. मुले आनंदाने सांगतात. सांगताना आपण तीन प्रश्न विचारावेत. समोरचा कोण आहे? त्याने शब्द मोडला तर दाद कोठे मागणार? आणि यात त्याचा फायदा काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सापडत नसेल, तर फायदा आपल्याच खिशातून जाणार आहे, असे समजावे.

काही व्यवहारी पथ्येही आहेत. मुलाच्या मोबाईलमध्ये आपले कार्ड किंवा यूपीआय जोडून ठेवू नये. खेळाच्या खात्याला दुहेरी पडताळणी लावावी. पासवर्ड कोणालाही, अगदी जिवलग मित्रालाही देऊ नये. खेळाबाहेरच्या दुव्यावर किंवा ‘भरवशाच्या मध्यस्था’कडे वस्तू सोपवू नये, अनेकदा तो मध्यस्थही ठकाचाच साथीदार असतो. खरे रुपये गेले असतील तर विलंब न करता १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. आणि सर्वांत महत्त्वाचे, मुलाने नुकसान सांगितले तर त्या क्षणी रागावू नये. रागाच्या भीतीने दडवलेले पहिले नुकसान भरून काढण्यासाठीच मुले दुसरा, मोठा डाव लावतात. पेढीवरच्या मोठमोठ्या माणसांचे सट्ट्यात असेच झालेले आपण पाहिले आहे.

आमच्या घरी त्या प्रसंगाचा शेवट दुसऱ्या दिवशी झाला. वहीपूजन आटोपल्यावर अण्णांनी पुतण्याला जवळ बसवले, एक कोरी छोटी वही त्याच्या हाती दिली आणि म्हणाले, “ही तुझी. पहिली नोंद बुडीत खात्याची कर. ऐंशी लाख.”

पुतण्याने तारीख घातली, रक्कम लिहिली आणि थांबला. “आजोबा, नावापुढं काय लिहू?”

अण्णा म्हणाले, “ते ठाऊक असतं, तर ही नोंद लिहायची वेळच आली नसती. ती जागा कोरीच ठेव.”